पाणी, वाफ आणि थांबण्याचं शहाणपण

आइसलँडला वळसा घालणारी बरीचशी क्रूझ जहाजं एक दिवस उत्तरेकडच्या आकुरेरी बंदरात थांबतात. समुद्राचा सुमारे साठ किलोमीटर लांबीचा एक चिंचोळा फाटा डोंगरांमधून आत शिरतो आणि त्याच्या टोकाशी जेमतेम वीस हजार वस्तीचं हे शहर आहे. आर्क्टिक वृत्त इथून शंभरेक किलोमीटरवर. जहाज सकाळी धक्क्याला लागतं, संध्याकाळी सुटतं आणि मधल्या वेळासाठी ठेवलेल्या सहलींत एक सहल हमखास असते : गोदाफॉस हा धबधबा आणि मीवात्न सरोवराजवळची गरम पाण्याची कुंडं. पाच-सहा तासांत बस जाऊन परत येते. आइसलँड आता पुण्या-मुंबईच्या पर्यटन कंपन्यांच्या यादीतही असल्यामुळे हा कार्यक्रम मराठी प्रवाशांनाही अनोळखी राहिलेला नाही. अशा सहलीवर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, इतक्या घाईत काही पाहून होत नाही. दोन, असल्या गर्दीनेच सुंदर जागांची वाट लागते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, पण दोघांच्याही नजरेतून एक महत्त्वाची गोष्ट सुटते. धबधबा आणि कुंड ही निसर्गाने आयती दिलेली देणगी आहे, असं माहितीपत्रक सांगतं आणि टीकाकारही तेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात यातली प्रत्येक जागा आज जशी आहे तशी आहे, कारण तिथल्या माणसांनी वेळोवेळी किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवलं. ही सहल करण्यासारखी आहे ती हे ठरवणं पाहण्यासाठी, असं माझं म्हणणं आहे.

आधी निसर्गाचा वाटा नीट समजून घेऊ. आइसलँड अटलांटिक महासागराच्या मधोमध गेलेल्या भेगेवर बसलेला देश आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया ही दोन भूपट्टं इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या फटीतून तप्त शिलारस वर येत राहतो. त्याच वेळी बेटाच्या पाठीवर प्रचंड हिमनद्या आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या वात्नायोकुल या हिमपठाराच्या वायव्येकडून स्क्यालफान्दाफ्ल्योत नावाची नदी निघते, वाळवंटासारख्या ओसाड पठारावरून उत्तरेला वाहते आणि हजारो वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाच्या थरावरून खाली उडी घेते. तोच गोदाफॉस. उंची अवघी बारा मीटर, रुंदी तीसेक मीटर. आंबोली किंवा ठोसेघरचे धबधबे पाहिलेल्या माणसाला उंचीचं अप्रूप वाटणार नाही. इथे पाहायचा तो आकार. घोड्याच्या नालेसारख्या अर्धवर्तुळातून पाणी एकदम खाली येतं, मधले काळे कडे त्याचे वेगवेगळे पडदे करतात आणि हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे पाण्याला दुधाळ हिरवट छटा असते. हा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीचाच खडक. फरक वयाचा. आपला दख्खनचा पठारी लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झाला. आइसलँडमध्ये ते काम अजून चालू आहे.

धबधब्यापासून पूर्वेला निघालेली बस मीवात्नजवळ पोचते तेव्हा हे ‘चालू काम’ डोळ्यांनी दिसायला लागतं. हे ३७ चौरस किलोमीटरचं सरोवर सरासरी अडीच मीटरच खोल आहे. सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या एका उद्रेकात लाव्हाने खोरं अडवलं आणि त्यामागे हे पाणी साचलं. काठावर गोलसर खड्डे पडलेल्या टेकड्या दिसतात. त्या खऱ्या ज्वालामुखी नाहीत. उकळता लाव्हा दलदलीवर पसरला, खालच्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तिने वरचं कवच फोडलं, तेव्हा त्या तयार झाल्या. थोडं पुढे ह्वेरिर नावाच्या उघड्या माळावर करड्या चिखलाची डबकी रटारट उकळतात, दगडांच्या ढिगांतून वाफ फुत्कारते, जमिनीवर गंधकाचे पिवळे डाग असतात आणि हवेत सडलेल्या अंड्यांसारखा वास. शेजारच्या क्राफ्ला ज्वालामुखीत १९७५ ते १९८४ या काळात नऊ उद्रेक झाले. १९७७ मध्ये तर जवळच्या ब्यार्नारफ्लाग इथे वाफेसाठी खोदलेल्या एका बोअरमधूनच लाव्हा उसळून वर आला. कोकणातही तुरळ, राजवाडी, उन्हवरे किंवा उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी इथे गरम पाण्याचे झरे आहेत. पण तिथे खाली ताजा शिलारस नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. मीवात्नला भट्टी पायाखाली आहे. म्हणून तिथली उष्णता नुसत्या अंघोळीपुरती राहिली नाही; तिच्यावर वीज, कारखाने आणि वाद उभे राहिले.

आता कुंडांकडे वळू. मीवात्नची निळसर, वाफाळती कुंडं पाहून ती अनादी काळापासून तिथे असावीत असं वाटतं. ती २००४ साली उघडली. त्यांतलं पाणी ब्यार्नारफ्लागच्या बोअरमधून येतं. निघताना त्याचं तापमान १३० अंशांच्या आसपास असतं. ते निववून ३६ ते ४० अंशांवर आणून कुंडात सोडलं जातं. शेजारीच १९६९ साली सुरू झालेलं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, आइसलँडमधलं अशा प्रकारचं सर्वांत जुनं. पाण्याचा निळा रंग त्यात विरघळून मग बारीक कणांच्या रूपात तरंगणाऱ्या सिलिकाचा. हे कण प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. त्यातल्या गंधकामुळे चांदीचे दागिने काळे पडतात, म्हणून ते आधी काढून ठेवायला सांगतात. हे कळल्यावर काही प्रवाशांचा हिरमोड होतो. ‘म्हणजे हे नैसर्गिक नाहीच की,’ असा त्यांचा सूर असतो. दक्षिणेतल्या जगप्रसिद्ध ब्लू लगूनबद्दलही हाच आक्षेप घेतला जातो, कारण ते तळंही १९७० च्या दशकात स्वार्त्सेंगी वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याने तयार झालं.

मला हा हिरमोड चुकीच्या अपेक्षेतून आलेला वाटतो. मानवी हात लागला की गोष्ट खोटी ठरत असेल, तर आपल्याकडच्या घडीव दगडांनी बांधलेल्या कुंडांना आणि बारवांनाही खोटं म्हणावं लागेल. महत्त्वाचा प्रश्न हात लागला की नाही हा नसून तो कसा लागला, हा आहे. आकुरेरीलगतचं एक उदाहरण इथे फार बोलकं आहे. शहरातून गोदाफॉसकडे जायला २०१८ च्या अखेरीस साडेसात किलोमीटरांचा बोगदा खुला झाला. तो खणताना २०१४ मध्ये डोंगराच्या पोटातून अचानक गरम पाण्याचा मोठा प्रवाह फुटला. पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाला थंड पाण्याने बोगदा भरून टाकला. कामाला मोठा उशीर झाला, खर्च वाढला. ते गरम पाणी मग वाहून वाया जात होतं. २०२२ साली त्याच पाण्यावर शहराजवळच्या झाडीत नवीन कुंडं बांधून उघडण्यात आली. ज्या पाण्याने कंत्राटदारांना रडवलं, त्यात आता लोक निवांत बसतात. इथे कोणताही झरा अडवला नाही, कोणतंही नवं खोरं बुडवलं नाही. वर आलेलं पाणी वापरलं, इतकंच. अंघोळीचं कुंड ‘शुद्ध निसर्ग’ नसेल, पण घेण्याची ती बरीच सौम्य रीत आहे, आणि तिच्या सौम्यपणाची किंमत तेव्हाच कळते जेव्हा त्याच परिसरात दुसरं काय काय घेतलं गेलं किंवा घेतलं जाणार होतं ते कळतं.

मीवात्नच्या तळाशी डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकायुक्त कवचांचा जाड थर आहे. गाळण्यांसाठी त्याची भुकटी उत्तम म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरोवराकाठी कारखाना उभा राहिला. सरोवराचा तळ उपसायचा, गाळ नळांतून आणायचा आणि जमिनीतल्या वाफेवर वाळवायचा, असा उद्योग जवळपास साडेतीन दशकं चालला. गावाला त्याने नोकऱ्या दिल्या, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण हे सरोवर उथळ आहे. तळाशी काहीही हललं की त्याचा परिणाम वर पोचतो. पाण्यात माश्यांच्या अळ्या वाढतात, त्यांवर मासे आणि बदकं जगतात, आणि बदकांच्या जातींची इतकी विविधता युरोपात क्वचितच कुठे सापडते. उपशामुळे ही साखळी तुटेल का, यावर शास्त्रज्ञ, गावकरी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर २००४ मध्ये कारखाना बंद झाला, आणि त्याच वर्षी कुंडं उघडली. एकाच जमिनीतली वाफ, एकाच गावचे लोक. पण तळ उपसण्याऐवजी आता पाणी दाखवून आणि वापरू देऊन पैसा मिळू लागला. हा बदल आपोआप घडत नसतो. कारखान्याची परवानगी वाढवावी की नाही, याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं.

याहून धारदार गोष्ट सरोवरातून निघणाऱ्या लाक्सा नदीची. आकुरेरीला वीज पुरवणाऱ्या कंपनीने या नदीवर मोठं धरण बांधून लाक्साचं खोरं बुडवण्याची योजना आखली होती. शेजारच्या खोऱ्यातलं पाणीही इकडे वळवण्याचा त्यात विचार होता. शेतकऱ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, कोर्टात गेले. काही हाती लागेना, तेव्हा २५ ऑगस्ट १९७० च्या रात्री ते सरोवराच्या मुखाशी जमले आणि नदीच्या एका फाट्यावरचा कंपनीचा छोटा बंधारा त्यांनी सुरुंग लावून उडवून दिला. सुरुंगाची दारूही कंपनीनेच तिथे ठेवलेली होती. चौकशी सुरू झाल्यावर शंभराहून अधिक लोकांनी ‘हे मी केलं’ असं सांगितलं, त्यामुळे कुणा एकाला वेगळं काढणं अशक्य झालं. खटले झाले, पण मोठं धरण झालं नाही. तडजोड झाली आणि १९७४ मध्ये मीवात्न आणि लाक्सा यांच्या संरक्षणाचा खास कायदा झाला. सुरुंग लावणं योग्य होतं असं मी म्हणत नाही. कायदा हातात घेतल्याने प्रत्येक वेळी न्याय मिळतो असंही नाही. मुद्दा असा, की आज बसच्या खिडकीतून दिसणारं ते हिरवं खोरं कुणी तरी हट्टाने राखलं म्हणून दिसतं. गोदाफॉसलाही २०२० मध्ये कायद्याने संरक्षित नैसर्गिक स्मारकाचा दर्जा देण्यात आला. बारा मीटरांची ती उडी नदीची, पण ती तिथे तशीच पडू द्यायची हा निर्णय माणसांचा.

यावर एक आक्षेप येतो : हे सगळं श्रीमंतांचे चोचले. चार लाखांच्या आत-बाहेर लोकसंख्या, भरपूर पाणी, भरपूर वाफ. दहातली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. अशा देशाला थांबणं परवडतं, गरिबांना नाही. आक्षेप वजनदार आहे, पण दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. पहिली, याच देशाने सगळीकडे असं केलेलं नाही. पूर्वेकडच्या काऱ्हाह्न्युकार प्रकल्पात त्याने नद्या अडवून सत्तावन्न चौरस किलोमीटरचा जलाशय केला आणि त्यावरची ६९० मेगावॅट वीज एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला दिली. देश तोच, समृद्धीही आधीपेक्षा जास्त, तरी निर्णय उलटा. म्हणजे थांबणं हे श्रीमंतीतून आपोआप येत नाही. दुसरी गोष्ट जास्त जुनी आहे. मीवात्नच्या काठचे शेतकरी शतकानुशतकं रानबदकांची अंडी गोळा करत आले. मासे, अंडी आणि थोडी मेंढरं यांवर जगणारे ते गरीब लोक होते. दुष्काळी हिवाळ्यांत माणसं दगावत. तरी त्यांचा नियम असा, की घरट्यातून अंडी घ्यायची, पण किमान चार तिथेच ठेवायची. उत्खननांत तिथल्या सुरुवातीच्या वस्त्यांपासून या पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं सापडली आहेत, आणि बदकं आजही आहेत. गरजवंतालाच उद्याची जास्त काळजी असते. फक्त त्याच्या हाती निर्णय असावा लागतो. धरणाच्या वादातही हाच फरक होता. खोरं ज्यांचं होतं त्यांचं ऐकलं गेलं नाही, म्हणून स्फोट झाला.

आता गर्दीकडे येऊ, कारण सहलीवरचा सर्वांत रास्त आक्षेप तोच आहे. पर्यटन हाही एक उपसाच, असं म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. चार-पाच हजार प्रवाशांचं जहाज वीस हजारांच्या गावात येतं, तेव्हा गावाची वस्ती एका सकाळीत चौथ्या हिश्शाने वाढते. कधी एकाच दिवशी दोन-तीन जहाजं येतात आणि गोदाफॉसच्या वाहनतळावर बसगाड्यांची रांग लागते. क्रूझचा प्रवासी जहाजावरच झोपतो आणि जेवतो, त्यामुळे हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्यापेक्षा गावात कमी पैसे सोडतो. रस्ता, पायवाटा, स्वच्छतागृहं मात्र तेवढीच वापरतो. आइसलँडची शेवाळाची गादी पायाखाली एकदा मेली की परत यायला अनेक दशकं लागू शकतात. मग जाऊच नये का? ज्याला पटत नसेल त्याने जाऊ नये, हे उत्तर प्रामाणिक आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण दुसरा कुणी तरी जाणारच. खरं उत्तर तेच, जे अंड्यांच्या बाबतीत होतं : मोजून घ्या. १ जानेवारी २०२५ पासून आइसलँडने प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे दर चोवीस तासांना २,५०० क्रोना असं शुल्क लावलं. जहाज कंपन्यांनी जोरदार विरोध केला आणि आपण दुसऱ्या बंदरांत जाऊ असं बजावलं. शुल्काची रक्कम किती असावी यावर वाद होऊ शकतो, तत्त्वावर नाही. जो रस्ता झिजवतो त्याने त्याच्या डागडुजीला हातभार लावावा, ही मागणी पाहुण्याचा अपमान नाही. पुढची पायरी म्हणजे एका दिवशी किती जहाजं घ्यायची याची मर्यादा. ती घालण्याचा हक्क गावाला असावा, असं मला वाटतं, आणि तिकीट थोडं महागलं तर प्रवाशांनी ती किंमत खुशीने द्यावी.

राहिला घाईचा आक्षेप. पाच-सहा तासांत आइसलँड कळत नाही, हे उघड आहे. पण न कळण्याचं कारण दर वेळी वेळेची टंचाई नसते. आठवडाभर राहूनही माणूस नुसते फोटो गोळा करू शकतो. आणि हा एवढाच छोटा रस्ता, हिमनदीच्या पाण्यापासून उकळत्या चिखलापर्यंत, डोळे उघडे ठेवून पाहिला तर एक सलग गोष्ट सांगतो. त्यासाठी थोडी तयारी पुरते. सहल निवडताना ती धबधबा आणि कुंड यांच्यामध्ये सरोवराकाठी थांबते का, ह्वेरिरच्या माळावर थांबते का, हे विचारावं. सोबतच्या माणसाला धरणाची, कारखान्याची गोष्ट विचारावी. स्थानिक मार्गदर्शकाला ती ठाऊक असते, आणि कुणी विचारलं की ती सांगायला त्याला आवडतं. ह्वेरिरला आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये, कारण वरचं कवच पातळ आणि खाली उकळता चिखल असतो. कुंडात उतरण्याआधी साबणाने, कपडे काढून अंघोळ करण्याचा तिथला सक्त नियम असतो. आपल्या लोकांना त्याचा संकोच वाटतो, पण सार्वजनिक तलावांत क्लोरिनचा मारा कमी ठेवायचा तर स्वच्छतेची जबाबदारी प्रत्येकाने उचलायलाच हवी. तिथल्या मुलांना हे शाळेतच शिकवतात, कारण १९४० पासून पोहणं शाळेत सक्तीचं आहे. हातात तासभर उरला तर जहाजावर परतून जेवण्याऐवजी आकुरेरीच्या एखाद्या बेकरीत किंवा दुकानात खर्च करावा. या बारीकसारीक गोष्टी आहेत, पण पाहुणा म्हणून आपण किती घेतो हे याच गोष्टींतून ठरतं.

या सगळ्यातून आपल्यासाठीही एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याला टाळता येणार नाही. सह्याद्रीतले धबधबे पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी माणसांनी ओसंडतात; कोकणातल्या गरम झऱ्यांच्या कुंडांची काही ठिकाणी दुर्दशा आहे. आइसलँडचे कायदे उचलून इथे लावता येणार नाहीत. लोकसंख्या, हवामान, जमिनीची मालकी सगळंच वेगळं आहे. पण तिथला अनुभव एक गोष्ट नक्की शिकवतो : जागा वाचते तेव्हा ती नुसत्या कौतुकामुळे वाचत नाही. मर्यादा कोण ठरवणार, ती ठरवताना तिथे राहणाऱ्यांचं ऐकलं जाणार का आणि तिची किंमत कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कुणी तरी वेळेवर दिली म्हणून ती वाचते. कुंडाच्या ऊबेत बसलेल्या प्रवाशाने हे तीन प्रश्न मनात घेऊन घरी यावं आणि आपल्या गावच्या धबधब्याबद्दल, झऱ्याबद्दल ते आपल्या ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत विचारावेत. त्याने विचारले, तर ती पाच-सहा तासांची सहल वरवरची होती असं कुणी म्हणू शकणार नाही.